पगाराची नोकरी आणि पुंडलिकाची सेवा

परळ-लालबागेत रुग्णालयातला एखादा जुना कामगार वारला, की त्याच्या तेराव्याच्या कीर्तनात बुवा सांगतात, “यांनी जन्मभर रुग्णसेवा केली.” तेव्हा मागे बसलेला कोणी हळूच म्हणतो, “सेवा कसली? महिन्याच्या महिन्याला पगार घेत होते की!” ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पगार घेऊन केलेले काम सेवा होते काय? आणि होत असेल, तर कशाने होते? या प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहोत.

आधी तो गृहस्थ कोण ते पाहू. परळला 1926 साली महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले, 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि वाडियांची रुग्णालये जवळच आहेत. गिरणीत जसे लोक लागले, तसे या रुग्णालयांतही कोकणातले, घाटावरचे लोक कामाला लागले. कोणी वॉर्डबॉय, कोणी हमाल, कोणी आया. गळ्यात माळ, चाळीत एक खोली, आणि तीन पाळ्यांची डूटी. रोग्याची कूस बदलायची, पॉट द्यायचे, स्ट्रेचर ढकलायचे, आणि वेळ आली तर मयताला शवागारापर्यंत पोचवायचे. रोगी त्याला नावाने हाक मारीत नाहीत. ‘मामा’ म्हणतात. आयेला ‘मावशी’ म्हणतात. घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय तो लेकराला उचलून घेत नाही. गावी मनिऑर्डर जायची असते, मुलीचे लग्न उरकायचे असते. आषाढीला रजा मागितली तर कधी मिळते, कधी मिळत नाही. मग वारी चुकते आणि मनाला रुखरुख लागून राहते.

त्या रुखरुखीचे उत्तर आपल्याला पंढरीतच सापडते. देव विटेवर कशासाठी उभा राहिला? पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, त्याला उठायला फुरसत नव्हती, म्हणून. हातातले काम सोडून तो देवाकडे धावला नाही, आणि देवालाही त्याचा राग आला नाही. तेव्हा ज्याची एकादशी वॉर्डात जाते त्याने खंत करू नये.

यावर कोणी म्हणेल, “पुंडलिकाने स्वतःच्या आईबापांची सेवा केली, आणि तीही फुकट. हा तर परक्याचे करतो, आणि पैसे घेतो.” म्हणणे वरवर खरे आहे. पण आपल्या संतांकडे पाहावे. गोरोबाकाकांनी मडकी घडवली ती विकण्यासाठीच. सावतोबांचा मळा पोटासाठीच होता. सेना महाराज तर राजाच्या चाकरीत होते, असे त्यांची कथा सांगते. मोल घेतल्याने त्यांच्या भक्तीला उणेपण आले नाही. गृहस्थाचा पगार म्हणजे त्याच्या पोरांचा घास. तो त्याने नाकारला, तर त्याग त्याचा होत नाही, उपाशी पोरांचा होतो.

तर मग पगार घेणारा प्रत्येक जण सेवकच की काय? तसेही नाही. के. ई. एम. मध्येच 27 नोव्हेंबर 1973 रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर भयंकर अत्याचार झाला. करणारा त्याच रुग्णालयात कामाला होता. ती वाचली, पण शुद्धीचे जगणे संपले. पुढे 18 मे 2015 रोजी तिचा देहान्त होईपर्यंत, 41 वर्षांहून अधिक काळ, तिथल्याच परिचारिकांनी आणि कामगारांनी तिला भरवले, धुतले, जपले. तिच्यासाठी दयामरण मागणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने तो फेटाळला, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार या कर्मचाऱ्यांचाच आहे असे मानले. तिच्या जगण्याचा अर्थ काय, यावर शहाण्यांत मतभेद होते आणि राहतील. आम्हाला दिसते ते एवढेच, की रुग्णालय एक आणि पगार देणारा एक असूनही एकाच्या हातून घोर पाप घडले आणि इतरांच्या हातून सेवा घडली. तेव्हा सेवा नोकरीत नाही आणि पगारातही नाही. ती माणूस समोरच्याला काय समजतो, यात आहे.

अखंड हरिनाम सप्ताहात विणा खाली ठेवीत नाहीत. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात जातो. त्या 41 वर्षांत कितीतरी जणी निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण विणा खाली ठेवला गेला नाही. आणि ज्या रोग्याला विचारायला कोणी येत नाही, जो तक्रार करू शकत नाही की बक्षिसी देऊ शकत नाही, त्याचे तोंड रात्री तीन वाजता जो पुसतो, त्याला त्या पुसण्याचा पगार कोणी दिलेला नसतो. पगार हजेरीचा असतो.

आता अवघड गोष्ट. घरीही म्हातारी आई खाटेवर असते. हा दुसऱ्याच्या आईला पाणी पाजतो, तेव्हा याच्या आईला कोण पाजते? त्याची बायको पाजते. म्हणून कीर्तनात बुवा त्याचे गुण गातात, तेव्हा पुण्याचा अर्धा वाटा पडद्याआड बसलेल्या त्या माउलीचा आहे, हे सांगितलेच पाहिजे. 2020 च्या करोनाच्या साथीत कित्येक कामगार घरच्यांना बाधा होऊ नये म्हणून दिवसचे दिवस घरापासून दूर राहिले. तेव्हाही घर तिनेच सांभाळले. आणि जो वॉर्डात गोड बोलतो आणि घरी येऊन खेकसतो, त्याची साधना अर्धीच म्हणावी लागेल. पुंडलिकही आधी आईबापांना छळीतच होता. मागाहून सुधारला. तेव्हा कोणी निराश होऊ नये.

आणखी एक सांगणे आहे. ‘तुमचे काम म्हणजे सेवा’ असे गोड बोलून कामगाराचा पगार आणि रजा कापणारेही असतात. सेवा हा शब्द सेवकाने स्वतःला सांगावा. दुसऱ्याने तो हिशेब बुडवण्यासाठी वापरू नये.

अशा गृहस्थाचे स्मारक कोणी बांधीत नाही, आणि त्याची गरजही नाही. त्याच्या पुण्यतिथीला घरच्यांनी भजन करावे, पंगत घालावी, आणि मग एक तास जवळच्या रुग्णालयात जावे. ज्या खाटेपाशी कोणी बसलेले नाही, तिथे परवानगी घेऊन बसावे. विणा पुढच्याच्या गळ्यात आला, असे समजावे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!