पांढऱ्या कपड्याचा खिसा

शिंप्याला गिऱ्हाईक कपडा कशासाठी शिवतंय हे विचारावं लागत नाही, माप देताना ते स्वतःच सांगतं. लग्नाचा सफारी शिवायला आलेला माणूस छाती फुगवून उभा राहतो. शाळेचा गणवेश असेल तर आई मागून ओरडते, "वाढत्या अंगाचं घ्या." आणि नर्मदेची परिक्रमा करणारा माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकतो, फाटकी बाही पुढे करतो आणि म्हणतो, "नर्मदे हर, एक टीप मारून द्या."

तळोद्यात अक्कलकुव्याच्या रस्त्याला माझं दुकान आहे. नर्मदा इथून दिसत नाही, ती सातपुड्याच्या पलीकडे. पण दक्षिण तटाने निघालेल्या परिक्रमावासींपैकी बरेच जण प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा करत गुजरातेत उतरतात, काही जण डोंगरातून धडगाव, काठी अशी वाट धरतात. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही, हा मूळ नियम. ओलांडायची ती एकदाच, जिथे ती समुद्राला मिळते तिथे. भरतीची वेळ धरून होडीत बसायचं आणि खाडीतून पलीकडे मिठीतलाईला उतरायचं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मांडीला मांडी लावून, नावाडी बसवील तिथे बसलेले. त्यात चांगली जागा कुठली आणि वाईट कुठली, असं काही नसतं म्हणतात.

आमच्या मुलीने आणि जावईबापूंनी आम्हा दोघांना मुंबईहून गोव्याच्या क्रूझवर नेलं, तेव्हा जायच्या आधी फोनवर एक कागद आला. संध्याकाळच्या जेवणाला पुरुषांनी बनियन, हाफ पँट आणि चपला घालून येऊ नये. पोहण्याच्या कपड्यांत जेवणाच्या हॉलमध्ये शिरू नये. टॉवेल टाकून खुर्च्या अडवू नयेत. आणि शेवटी: दुसऱ्या रात्री डेकवर सर्वांनी पांढरे कपडे घालावेत. मुलगी म्हणाली, "अण्णा, तुम्हाला तर घरचंच काम आहे." मी माझ्यासाठी पांढऱ्या पॉपलिनचा सदरा शिवला. हिने जुनी पांढरी साडी काढली, जरा वेळ तिच्याकडे पाहिलं, आणि तिला लाल काठ लावून घेतला.

त्या रात्री डेकवर शेकडो माणसं पांढऱ्यात होती. गाणं जोरात होतं, वारा खारा होता, मला मजाही आली. उगाच नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण कात्री धरणाऱ्याची नजर कपड्यावरून हलत नाही. परिक्रमेच्या होडीतही सगळे पांढऱ्यात आणि इथेही सगळे पांढऱ्यात. मग एकाला व्रत म्हणायचं आणि दुसऱ्याला मौज, ते कशावरून? कापड तेच, रंग तोच, पाणीही शेवटी तेच. फरक घालणाऱ्याच्या मनात असतो, हे उत्तर सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. मनातलं मला दिसत नाही, मला शिवण दिसते.

मंदिरांच्या बाबतीत हा वाद हल्ली पेपरात वरचेवर येतो. तुळजापूरला 2023 मध्ये तोकड्या कपड्यांना बंदीचे फलक लागले आणि ओरड झाल्यावर लगेच उतरवले. सिद्धिविनायकाच्या न्यासाने 2025 च्या जानेवारीत पोशाखाचे नियम जाहीर केले. दोन्हीकडची माणसं बोलतात ती कपड्याच्या लांबीबद्दल. लांबी हा शिंप्याच्या दृष्टीने सगळ्यात किरकोळ मुद्दा, दोन बोटं उसवली की काम झालं.

अक्कलकुव्याचे एक चाचा माझं जुनं गिऱ्हाईक होते. पूर्वी हजला मुंबईहून आगबोट जायची, 1995 पर्यंत जात होती. चाचा त्या बोटीने गेलेले. ते सांगायचे: दिवसचे दिवस समुद्रावर, जो तो आपापल्या कपड्यांत. कोणी शेरवानीत, कोणी लुंगीत, वरच्या वर्गाचा कोण आणि खालच्या डेकचा कोण हे लांबून ओळखू येई. मग जेद्दाच्या अलीकडे यलमलम नावाच्या डोंगराच्या समोर बोट आली की सूचना व्हायची, आणि सगळे पुरुष अंघोळ करून दोन पांढऱ्या चादरींत यायचे. एक कमरेला, एक खांद्यावर. टोपी नाही, टाका नाही. "शिवलेलं चालतच नाही," चाचा मला खिजवायचे, "अल्लाच्या दारात शिंप्याला कामच ठेवलं नाही बघ." बायकांना मात्र त्यांचे नेहमीचे शिवलेले कपडे चालतात. पण चाचांच्या बोलण्यात पुढचा भाग जास्त यायचा. त्या चादरी अंगावर आल्या की भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, अत्तर नाही, नखं-केस कापायचे नाहीत, शिकार करायची नाही. म्हणजे पोशाख आणि वागणूक एकाच वेळी अंगावर चढते. पाण्याच्या रांगेत काल धक्का मारणारा आज हात मागे घेतो, कारण आता त्याला धक्का मारायचा अधिकार उरलेला नाही.

हे ऐकून मला वाटलं, क्रूझच्या कागदातही तेच नव्हतं का? कपडे असे घाला, खुर्च्या अडवू नका. बंद जागेत, चहूकडे पाणी असताना, माणसांना एकमेकांचा त्रास होऊ नये म्हणून कुणीतरी नियम लिहिले. त्यात धर्म नाही असं कोण म्हणेल? खरं तर आम्ही चढल्यावर पहिल्यांदा सगळ्यांना जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं, तेव्हा सूटवाला आणि सदरेवाला सारखेच दिसत होते. आमच्या धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ 2019 च्या संक्रांतीला नर्मदेच्या पाण्यात भाविकांची बोट उलटली आणि त्यात लहान मुलं गेली. तेव्हापासून कोणी जॅकेटला नावं ठेवली की मला राग येतो. बोटीवरचा तो पहिला पोशाख, बाकीचे त्याच्यानंतर.

तरी यलमलमसमोरची बोट आणि आमची पांढरी रात्र यांत काहीतरी निराळं होतं, आणि ते मला एका म्हाताऱ्या परिक्रमावासीने दाखवलं. क्रूझच्या आधीची गोष्ट. त्याचा सदरा इतका विरला होता की टीप धरेना. मी म्हटलं, महाराज, मांजरपाटाचा नवा शिवून देतो, पैसे नकोत. तो बरं म्हणाला. माप घेऊन झाल्यावर म्हणाला, "खिसा लावू नका." मी विचारलं का. तर म्हणे, "भिक्षा आजची आजच खायची आहे. खिसा असला की उद्याचं आठवतं."

त्यानंतर मी वेशाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. माझं म्हणणं असं आहे: कुठलाही ठरवून घातलेला पोशाख हे मागणं असतं. पांढरे कपडे आणि हातात कमंडलू दिसला की सातपुड्यातली बाई, जिच्या घरात ज्वारी मोजकी आहे तीसुद्धा, भाकरी टाकते. ती माणसाला ओळखत नाही, त्याचे कपडे ओळखते. सूट घातलेल्याला हॉलमध्ये टेबल मिळतं, तेही कपड्याला मिळतं. मागण्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच, की किती मागायचं याची हद्द त्या कपड्यात शिवलेली आहे की नाही.

आमच्या काठीच्या होळीला नाचणारे बुध्या पाहिलेत? अक्कलकुवा तालुक्यातली ही राजवाडी होळी शेकडो वर्षांची. रात्रभर ढोल चालतात आणि होळी पेटते पहाटेला. बुध्याच्या डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं. मी आयुष्यात शिवलेल्या सगळ्या कपड्यांपेक्षा तो पोशाख देखणा आहे, आणि त्यात एक टाका माझा नाही. पण तो घालायचा म्हणजे काही दिवस खाटेवर झोपायचं नाही, पायात घालायचं नाही, बायकोपासून दूर राहायचं. होळी झाली की हे लोक गावोगाव, बाजारात फाग मागतात. लोक देतात. मागण्याचे दिवस ठरलेले असतात. ते संपले की अंग धुवायचं, टोप उतरवायचा, आणि मग तोच माणूस माझ्या दुकानात उधारीवर पँट शिवायला येतो. तेव्हा त्याला फाग कोणी देत नाही.

परिक्रमेच्या पांढऱ्या कपड्यांचीही एक अशीच परीक्षा व्हायची. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना लुटत. लुटणाऱ्यांना हे लोक मामा म्हणत. पैसे, भांडी, घोंगडी, कधी अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेत आणि लंगोटीवर पुढे पाठवत. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ आता धरणाच्या पाण्याखाली आहे, झाडीही पहिल्यासारखी राहिली नाही, आणि त्याच डोंगरात आज भिल्लांच्या घरी परिक्रमावासींना जेवण मिळतं. पण ती लुटीची गोष्ट परिक्रमावासी अजून भक्तीने सांगतात, मैयाने परीक्षा घेतली म्हणून. मला त्यातला देव जरा सोयीचा वाटतो. परीक्षा मैयाने घेतली असेल, पण ज्याने सदरा नेला त्याला थंडी वाजत होती, हेही त्याच गोष्टीत आहे आणि ते कोणी सांगत नाही. भाकरी मागणारा आणि सदरा नेणारा, दोघेही मागतच होते. एकाच्या अंगावर वेश होता, म्हणून त्याचं मागणं भिक्षा झालं.

गांधीजींच्या आत्मचरित्रात बोटीवरच्या कपड्यांचा एक प्रसंग आहे. 4 सप्टेंबर 1888 ला ते मुंबईहून विलायतेला निघाले. समुद्र ओलांडतात म्हणून जातीने वाळीत टाकलेलं. बोटीवर काळा सूट घालायचे, काटे-चमचे जमत नसल्याने खोलीतच जेवायचे, आणि उतरताना घालायला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट जपून ठेवला होता. साउदॅम्प्टनला उतरले तर सप्टेंबरअखेरच्या थंडीत पांढऱ्यात तेवढे एकटेच. लाजून गेले. त्याच मुंबईहून 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी ते पुन्हा बोटीत बसले, पंचा नेसून, आणि बरोबरच्या मंडळींनी घेतलेलं जास्तीचं सामान एडनहून परत पाठवायला लावलं. पहिल्या खेपेला पांढरा सूट "मला तुमच्यात घ्या" असं मागत होता. दुसऱ्या खेपेचा पंचाही मागतच होता, कमी नाही, एक अख्खा देश मागत होता. पण स्वतःसाठी सामान ठेवायला त्यात जागा नव्हती.

आणि आनंदीबाई जोशी. 1883 साली, अठरा वर्षांची मुलगी, कलकत्त्याहून अमेरिकेला निघाली डॉक्टर व्हायला. साडी सोडायची नाही हे पक्कं होतं. पण नऊवारीत पायाचा भाग उघडा पडतो आणि तिकडची थंडी, तिकडची नजर, दोन्ही पाहून तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला घेतली. आमच्या सरहद्दीवरच्या माणसाला हे फार जवळचं वाटतं, इथे निम्म्या बायका तशाच नेसतात. व्रत न मोडता शिवण बदलता येते, हे त्या मुलीला ज्या वयात कळलं त्या वयात मला काजसुद्धा नीट करता येत नव्हतं.

जावईबापूंना मी हे सगळं क्रूझच्या दुसऱ्या रात्री, बुफेच्या टेबलावर सांगत होतो. त्यांनी नीट ऐकलं, मग म्हणाले, "पण आपण कुणाकडे मागितलंय? पैसे भरलेत." बरोबर होतं. क्रूझच्या पांढऱ्या सदऱ्याला खिसा होता, पण त्यात हात घालावा लागत नव्हता, एक कार्ड दाखवलं की सगळं मिळत होतं. पैसे भरले की मागणं थांबतं, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, पैसे भरले की फक्त मागणं ऐकू येईनासं होतं. आमच्या शेजारच्या टेबलावर चार ताटं अर्धी भरून टाकलेली होती. ती उचलणारा पोरगा काळ्या कपड्यांत होता, पांढऱ्या रात्रीतही. त्याच्यासाठी नियम वेगळा होता.

मी आणखी बोललो असतो. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचं उदाहरण द्यायचं होतं. 2020 च्या कोरोनाच्या काळात लोक येईनात म्हणून त्या स्वतः होडी वल्हवत नर्मदेच्या पाण्यातून पाड्यांवर बाळांचा आहार पोहोचवायला गेल्या. मागायला न जाता द्यायला निघालेला वेशही असतो, आणि तिथे माझं गणित जरा अडतं, हे मला कबूल होतं. पण आमच्या हिने मध्येच विचारलं, "अहो, खिसा नाही म्हणजे व्रत, असंच ना तुमचं?"

म्हटलं, साधारण तसंच.

"बायकांच्या कपड्याला खिसा कधी होता? साडीला नाही, झंपरला नाही. मग आम्ही सगळ्या जन्मभर व्रतातच आहोत काय?"

मुलगी मोठ्याने हसली. जावईबापू ताटात बघू लागले. मी कनवटीचं नाव काढलं, तर म्हणाली, कनवटीला पाच रुपयांच्या वर राहत नाही, आणि ते पाचही घरी आल्यावर कोणी ना कोणी मागून घेतं. न मागण्याचं व्रत स्वतःहून घेतलं तर ठीक, दुसऱ्याने शिवून अंगावर घातलं तर त्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा, तुम्ही शिंपी.

मला सांगता आलं नाही. आता ती मैत्रिणींबरोबर बसने परिक्रमेला निघाली आहे. पांढऱ्या साड्या घेतल्यात, आणि दोन पांढरे परकर माझ्या मशीनवर आणून टाकलेत. आतून डाव्या बाजूला चोरखिसा हवाय, चेन लावून, हाताचा पंजा आत जाईल एवढा. चेन नंदुरबारहून मागवली आहे.