आधी नाव की आधी माणूस

दुष्काळ जाहीर झाला की महिनाभरात ठरल्यासारखी एक चर्चा सुरू होते. लोकांना धान्य द्यायचं की पैसे? परिसंवादांत, वाहिन्यांवर, संपादकीय पानांवर हा प्रश्न असा मांडला जातो, जणू दुष्काळग्रस्तांच्या पोटाचा सगळा विचार या दोन शब्दांत मावतो. बोलणारे अभ्यासू असतात, त्यांच्या हेतूबद्दलही मला शंका नाही. पण ज्या घरातली शेवटची पायली दळून झाली आहे, त्या घराचा या चर्चेशी संबंध कुठे येतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

फुकट दिल्याने माणसं आळशी होतात, असं म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही. मे महिन्यात माण तालुक्यात एक दिवस काढून मग त्यांनी बोलावं. धान्याच्या किटवर छायाचित्रं छापून वाटणाऱ्यांबद्दलही बोलण्यासारखं फार नाही. खरा प्रतिवाद करायला हवा तो रोखीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा, कारण त्यांच्याकडे युक्तिवाद आहे आणि सरकारदरबारी आज त्यांचाच शब्द चालतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. देशात धान्याचा तुटवडा नाही, गोदामं भरलेली आहेत. तुटवडा आहे तो लोकांच्या हातातल्या पैशाचा. अमर्त्य सेन यांनी 1981 साली हेच दाखवून दिलं, की बाजारात धान्य असतानाही विकत घ्यायची ऐपत संपली की माणसं उपाशी मरतात. मग पोती वाहून नेण्याचा खर्च, गळती, दुकानदाराची मिजास हे सगळं कशाला? खात्यात पैसे टाका, ज्याला जे हवं ते तो घेईल.

हे ऐकायला सरळ वाटतं. पण आपल्याकडे याचा प्रयोग होऊन गेला आहे आणि तो डोळ्यांसमोर ठेवून बोलायला हवं. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा असे 14 जिल्हे शेतकरी आत्महत्यांमुळे वेगळे काढले गेले. तिथल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना 2015 पासून माणशी महिना 5 किलो धान्य मिळू लागलं, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने. पुढे ते बंद झालं आणि 2023 मध्ये त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात जमा करायचं ठरलं. म्हणजे किलोमागे 30 रुपयांचा हिशेब. चांगल्या पावसाच्या वर्षी तो कसाबसा जुळेलही. पण मदत लागते ती वाईट वर्षी आणि वाईट वर्षी भाव वर जातो. 5 किलो मात्र कुठल्याही वर्षी 5 किलोच भरतात. धान्य देताना भाववाढीचा भार सरकार सोसतं. रक्कम ठरवून दिली की तो भार गपचूप त्या कुटुंबाच्या डोक्यावर जातो. पुढे 150 चे 170 झाले. ही वीस रुपयांची वाढ व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. मधल्या काळात पडलेला फरक कुणी भरून दिला, याचा हिशेब कुठे मांडलेला मला दिसला नाही. सेन ऐपतीबद्दल बोलत होते. भाव हलता असताना रक्कम जागच्या जागी ठेवणं म्हणजे ऐपत देणं नव्हे.

शिवाय खात्यात आलेले पैसे हातात येतातच असं नाही. तालुक्याच्या गावी जायला एसटीचं तिकीट लागतं, एक रोज बुडतो, केवायसी अडलेली असते. पीककर्ज थकलेलं असेल तर आलेली मदत कर्जखात्यात वळती केल्याच्या तक्रारी दर दुष्काळात होतात आणि तसं करू नका म्हणून बँकांना दर वेळी बजावावं लागतं. पीठ कुणी कर्जात वळतं करून घेत नाही.

रोखीवाल्यांचा सगळ्यात मजबूत दाखला 1972 चा. त्या दुष्काळात कामावरच्या लोकांना मजुरी पैशांतच मिळाली, रेशनचं धान्य पुरेसं नव्हतं, तरी त्या पैशाच्या ओढीने धान्य बाहेरून आलं आणि मोठी मनुष्यहानी टळली. अर्थतज्ज्ञ ज्यां द्रेझ यांनी त्याची तपशीलवार मांडणी केली आहे. मला ही मांडणी मान्य आहे. पण तिच्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. 1973 च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. नाला बांध, पाझर तलाव, रस्ते आणि जिकडे तिकडे खडीचे ढीग. त्यांना पैसे मिळाले हे खरं, पण कुठल्या आधारावर मिळाले? माणूस कामावर आला म्हणून. सकाळी कारकून हजेरीपट उघडून बसे, समोर उभ्या असलेल्या बाईला नाव विचारी आणि लिही. तिच्या नवऱ्याच्या नावावर किती एकर जमीन आहे, गेल्या सर्वेक्षणात ती गरीब ठरली होती की नाही, हे त्या पानावर कुठे लिहिलेलं नसे. चार एकरांची मालकीण आणि भूमिहीन मजूर बाई एकाच ढिगावर खडी फोडत बसत. दुपारी पोरांना सुकडी मिळे. त्या पिढीतल्या म्हाताऱ्या बायकांना लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे हे आठवतं, मजुरी थकायची हेही आठवतं. पण कामावर गेल्यावर ‘तुझं नाव यादीत नाही’ म्हणून परत पाठवल्याची आठवण मी तरी कुणाकडून ऐकलेली नाही.

म्हणून मला वाटतं, धान्य की पैसे हा वाद मुळातच दुय्यम आहे. पाहायचं ते हे, की मदत यादीने दिली जाते की हजेरीने. यादीत नाव आधी लागतं, माणूस मागून येतो. हजेरीत माणूस आधी येतो, नाव मागून लिहिलं जातं.

आणि या कसोटीवर आजचं रेशनचं धान्यही रोखीइतकंच नापास होतं, हे मी धान्याच्या बाजूचा असूनही कबूल करायला हवं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा मिळाली. कचेरीच्या भाषेत हा इष्टांक. तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. तहसीलच्या पुरवठा शाखेत एखादी बाई अर्ज घेऊन उभी राहते आणि पलीकडून उत्तर येतं, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ तो कारकून खोटं बोलत नसतो. त्याच्या हातात खरोखरच जागा नसते. पण दुष्काळ म्हणजे नव्या गरिबीचा कारखाना. ज्याची मोसंबीची बाग गेल्या वर्षीपर्यंत उभी होती आणि या वर्षी तोडून सरपणाला गेली, तो कुठल्याही जुन्या यादीत कसा असेल? यादी मागच्या सर्वेक्षणाची, भूक या महिन्याची.

जे यादीत आहेत त्यांचंही सोपं नाही. मुलगा-सून ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली, गावात आजी आणि दोन नातवंडं. आजी रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवते. जन्मभर खुरपं धरलेल्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या आहेत. ती पदराला पुसून पुन्हा ठेवते, मग दुसरं बोट, मग दुकानदार म्हणतो, ‘आजी, अंगठा उठत नाही, उद्या या.’ तिच्यासाठी पर्यायी व्यवस्था नियमांत आहे, पण रांगेत तिला ते सांगणारं कुणी नसतं. आजी समोर उभी आहे, सगळं गाव तिला ओळखतं, पोतंही उघडं आहे. तरीही ती यंत्राच्या लेखी आलेलीच नाही.

हजेरीच्या बाजूने बोलताना एक धोका मी विसरू शकत नाही. हजेरीला श्रमाची अट जोडली की ती क्रूर होऊ शकते. 1877 च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने कामावरच्या माणसाची रोजी एक पौंड धान्य आणि एका आण्यावर आणून ठेवली. त्याविरुद्ध सार्वजनिक सभेने केलेला झगडा आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. म्हातारे, गरोदर बाया, आजारी यांना खडीवर पाठवणं ही मदत नव्हे. पण हजेरी म्हणजे कष्टच असायला हवेत असं कुठे आहे? शाळेतली खिचडी हजेरीनेच मिळते. वर्गात बसलेल्या पोराला ताट मिळतं, बापाचं कार्ड पिवळं की केशरी कुणी विचारत नाही. गावात रोज एक वेळ शिजवलेलं जेवण ठेवा आणि येईल त्याला वाढा, इतकी साधी ही गोष्ट आहे.

जनावरांच्या बाबतीत आपण हे मान्य करूनही बसलो आहोत. चारा छावणीत जनावर आणलं की कानाला बिल्ला लागतो, रोज मोजणी होते आणि दावणीला चारा-पेंड पडते. गाय दारिद्र्यरेषेखालच्या घरातली आहे का, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. त्याच छावणीत तिच्याशेजारी गोणपाट अंथरून महिनोन्‌महिने राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या जेवणाची सोय मात्र घरून येणाऱ्या डब्यावर किंवा एखाद्या संस्थेच्या दयेवर.

कुणीही येऊन जेवेल, हा आक्षेप ठरलेला. येऊ दे. भर उन्हात भात-आमटीसाठी रांगेत बसायला ज्याच्या घरी चूल पेटते तो सहसा येत नाही. आलाच तर सरकारचं एक ताट जाईल. रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) मस्टरवर खोटी नावं लागली, मेलेली माणसं कामावर दिसली, मुकादमांनी पैसे खाल्ले, हे सगळं झालं आहे आणि ते लपवून माझी बाजू बळकट होणार नाही. पण खोटी हजेरी गावाला दिसते, ग्रामसभेत वाचून दाखवता येते, आणि तिच्यातून बुडतो तो पैसा. यादीतून वगळलेला माणूस कुणालाच दिसत नाही, कारण कागदावर तो कधी नव्हताच.

2016 च्या मे महिन्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं त्या दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाने ‘स्वराज अभियान’ खटल्यात आदेश दिला: दुष्काळी भागात रेशनकार्ड नाही म्हणून कुठल्याही कुटुंबाला धान्य नाकारू नये, आणि शाळेचं मध्यान्ह भोजन उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालू ठेवावं. हजेरीचं तत्त्व इतक्या स्पष्टपणे देशातल्या सर्वोच्च व्यासपीठावरून याआधी क्वचितच सांगितलं गेलं असेल. ते एका दुष्काळापुरतं राहिलं. 2018 साली महाराष्ट्राने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, 2023 साली 40 तालुक्यांत. दोन्ही वेळच्या शासन निर्णयांत त्याच आठ सवलती आहेत: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, परीक्षा शुल्काची माफी, रोहयोच्या निकषांत शिथिलता, टँकर, आणि पंपाची वीज न तोडणं. यांत जेवणाचा उल्लेख नाही. शाळेचं स्वयंपाकघर बहुतेक गावांत आहे, भांडी आहेत, स्वयंपाक करणाऱ्या बाया आहेत, तांदूळ पोचवायची वाट रुळलेली आहे. दुष्काळ जाहीर झाल्याच्या दिवसापासून ते पाऊस पडून पहिलं पीक हाती येईपर्यंत, सुट्टी धरून, ते स्वयंपाकघर गावात राहणाऱ्या आणि गावात आलेल्या प्रत्येकासाठी उघडं राहील आणि तिथल्या वहीत जेवून गेलेल्याचंच नाव नंतर लिहिलं जाईल, अशी नववी सवलत त्या शासन निर्णयात घालायला नव्या कायद्याची गरज नाही.