निद्रेचा साक्षी कोण?

मनगटावरील घड्याळ पूर्वी केवळ वेळ सांगत असे. आता ते सकाळी आपल्याला आपल्याच रात्रीचा वृत्तान्त सांगते: एकूण निद्रा ६ तास ४० मिनिटे, पैकी गाढ निद्रा ३८ मिनिटे. ताजातवाना उठलेला मनुष्य हा आकडा वाचतो आणि त्याच्या चेहऱ्यावरील तजेला ओसरतो. वरवर पाहता हा यंत्राच्या अचूकतेचा प्रश्न वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. ज्या अवस्थेत मी स्वतःच हजर नसतो, तिच्याविषयी साक्ष देण्याचा अधिकार कोणाचा?

प्रथम ‘गाढ निद्रा’ म्हणजे काय, ते पाहू. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींची नोंद घेतली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. झोप खोल होत जाते तशा या लहरी मंद व उंच होतात, हे पुढे स्पष्ट झाले. त्यांवरून झोपेच्या पायऱ्या ठरल्या. आजच्या नियमानुसार रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडतात. एखाद्या तुकड्याचा निदान २० टक्के भाग अशा मंद लहरींनी व्यापला असेल, तर तो तुकडा गाढ निद्रेच्या खाती जमा होतो. १९ टक्के भरला, तर होत नाही! १९६८ च्या नियमावलीत गाढ निद्रेच्या दोन पायऱ्या होत्या. २००७ मध्ये त्यांची एकच करण्यात आली. त्या वर्षी मनुष्याच्या झोपेत काहीही बदल झाला नव्हता. ही सीमारेषा निसर्गाने आखलेली नसून जाणकारांनी विचारपूर्वक, सोयीसाठी आखली आहे. आणि तीच आलेखपट्टी दोन तज्ज्ञांपुढे ठेवली, तरी त्यांचे प्रत्येक तुकड्याबाबत एकमत होतेच असे नाही.

मनगटी यंत्राला तर मेंदूच्या लहरी दिसतच नाहीत. ते हिरव्या प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेखालील रक्ताचा चढउतार टिपते, त्यावरून नाडीची गती काढते, हाताची हालचाल मोजते आणि या खुणांवरून मेंदूत काय चालले असावे याचा तर्क करते. तर्क हा काही अप्रामाणिक व्यवहार नव्हे. मात्र तर्काचे उत्तर ‘३८ मिनिटे’ अशा ठाशीव स्वरूपात पडद्यावर उमटले, की ते मोजमाप वाटू लागते. माझ्या मते खरी अडचण येथे आहे.

आपल्या देशातील तत्त्वज्ञांनी या प्रश्नाचा कीस काढला आहे. उठल्यावर मनुष्य म्हणतो की झोप सुखाची लागली, कशाचेच भान नव्हते. हे त्याला कसे कळले? नैयायिक म्हणतात, अनुमानाने: अंग हलके आहे, मन शांत आहे, त्याअर्थी झोप चांगली झाली असावी. अद्वैती म्हणतात, नाही, ही स्मृती आहे. आणि स्मृती असेल तर गाढ झोपेतही कोणीतरी साक्षी जागा असलाच पाहिजे. युरोपात देकार्तने मन सदैव विचार करते असे मानले, तर जॉन लॉकने झोपेचाच दाखला देऊन ते नाकारले. स्वप्नातला मी तो मीच का, हा प्रश्न संत ऑगस्टीन यांनाही आपल्या आत्मनिवेदनात पडला होता. या वादात आपले घड्याळ निःसंशय नैयायिकांच्या बाजूचे आहे. फरक इतकाच, की नैयायिकाचे अनुमान उठलेल्या मनुष्याच्या स्वतःच्या अनुभवावरून होते. घड्याळ त्याला काहीच विचारत नाही.

आणि न विचारता दिलेला हा निकाल माणसाला बदलतो. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना केवळ खोटेच सांगण्यात आले की, काल रात्री तुमची स्वप्ननिद्रा २८.७ टक्के होती. इतरांना सांगण्यात आले १६.२ टक्के. झोप अपुरी म्हणून ज्यांना सांगितले, ते बुद्धीच्या चाचणीत मागे पडले. २०१७ मध्ये तेथील काही चिकित्सकांनी परिपूर्ण झोपेच्या आकड्यामागे लागलेल्या रुग्णांचे वर्णन केले व त्या ध्यासाला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी तपासून झोप व्यवस्थित असल्याचे दाखवले, तरी मनगटावरील आकड्यावरचा विश्वास ढळत नाही, असाही अनुभव त्यांना आला. वयपरत्वे गाढ निद्रा घटते, हे तर स्वाभाविकच आहे. परंतु साठी उलटलेल्या गृहस्थास आकडा पाहून आपल्यात काही बिघडले असेच वाटते.

तर मग स्वतःच्या अनुभवालाच प्रमाण मानावे काय? तसेही म्हणता येत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असे शपथेवर सांगणारी माणसे तपासणीत कित्येक तास झोपलेली आढळतात. याच्या उलट, झोपेत वारंवार श्वास अडणाऱ्या रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. दिवसा पेंग येते, एवढेच त्याला कळते. तो वाहनचालक असेल तर ही पेंग इतरांच्याही जिवावर बेतते. अशा मनुष्याच्या मनगटावर गाढ निद्रेचा आकडा समाधानकारक दिसला आणि तेवढ्यावर त्याने तपासणी टाळली, तर त्या आकड्याने चिंतेपेक्षाही मोठी हानी केली असे म्हणावे लागेल.

म्हणूनच जाणते डॉक्टर अशा रुग्णाला विचारतात, “तुमच्या खोलीत आणखी कोण झोपते? त्यांना सोबत आणा.” घोरणे मध्येच थांबते, क्षणभर सारे शांत होते, मग धापा टाकल्यासारखा श्वास परत येतो, हे ज्या पत्नीने जागून ऐकले आहे, तिच्या सांगण्याला त्या खोलीत आकड्याहून अधिक वजन असते. एकट्या राहणाऱ्यांना असा साक्षीदार नाही. त्यांच्यासाठी घड्याळ उपयोगी पडू शकते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही घड्याळांतील श्वासरोधाच्या सूचनेस मान्यता दिली आहे. मात्र ती सूचना म्हणजे निदान नव्हे. डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्या, एवढाच तिचा अर्थ.