लांबलचक घर

जैसलमेर जिल्हा आणि केरळ राज्य यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखं आहे. दोन्हीकडे 38 हजार चौरस किलोमीटरांहून थोडी अधिक जमीन. 2011च्या जनगणनेत केरळात 3 कोटी 34 लाख माणसं मोजली गेली, जैसलमेरात 6 लाख 70 हजार. म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम 17. आकडे असे शेजारी मांडले की ‘ओसाड’ हे विशेषण आपसूक तोंडी येतं, आणि सहली काढणारे तेच विकतात. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून निघालेलं कुटुंब समच्या वाळूच्या टेकड्यांवर पोचतं, उंटावर बसतं, रात्री तंबूंच्या मधल्या चौकात कालबेलिया नाच बघतं आणि फोटोत मागे दुसरं कुणी येऊ नये म्हणून जिवाचं रान करतं. त्या वेळी समला लक्ष्मी रोडइतकी गर्दी असते, ही गोष्ट वेगळी.

मला या ओसाडपणाबद्दलच शंका आहे. थारची गणना जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत होते. माणसं आहेत, पण पसरून राहतात. आपण घर भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतो, आणि दोन घरांच्या मधलं जे काही असेल ते मोकळं रान समजतो. थारमधलं घर भिंतीपाशी संपत नाही. ते मधल्या रानातही असतं.

बाडमेरकडची एखादी ढाणी बघा. ढाणी म्हणजे शेतातच बांधलेली दोन-चार झोपड्यांची वस्ती. गोल, गवताने शाकारलेले झुंपे, काट्यांचं कुंपण, आणि थोड्या अंतरावर जमिनीत बांधलेलं टाकं. टाक्याभोवतीचा उतार म्हणजे आगोर. पावसाचं पाणी या आगोरावरून वाहत टाक्यात उतरतं, म्हणून तो झाडलेला, गुरांपासून राखलेला असतो. आपल्याला ती उघडी जमीन वाटते, तिथल्या बाईच्या लेखी ते माजघर आहे. टाक्याच्या तोंडावर झाकण, झाकणाला बहुतेक ठिकाणी कुलूप. तूप सांडलं तर चालेल, पाणी सांडलं तर जीव जळतो, अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. बाजेवर बसून अंघोळ करायची, खाली परात ठेवायची आणि ते पाणी जनावरांना पाजायचं, ही रीत अगदी अलीकडेपर्यंत होती.

स्वयंपाकही असाच रानभर पसरलेला. खेजडीच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. ऐन उन्हाळ्यात बायका त्या तोडून वाळवतात. केराची फळं कडू असतात, ती मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवून कडूपणा काढायचा आणि मग उन्हात टाकायची. कुमट, गुंदा, काचरी, सगळं वाळवणाचं. हिरवी भाजी नाही तर बेसनाचे गट्टे, तेही नाही तर पापडाची भाजी. विक्रम संवत 1956चा, म्हणजे 1899–1900चा दुष्काळ तिथं ‘छप्पनिया’ म्हणून अजून बोलण्यात येतो. त्या साली लोकांनी खेजडीची साल दळून खाल्ली. जैसलमेरच्या हॉटेलात ‘शाही थाळी’ म्हणून आपल्यापुढे येते ती मुळात टंचाईतली शिदोरी आहे. राजेशाहीचा तिच्याशी संबंध किती, हे वाढप्याला विचारण्यात अर्थ नाही.

वाळवलेलं हे अन्न टिकतं, आणि टिकतं म्हणून प्रवासाला निघतं. पुण्यात किंवा मुंबईत गल्लीच्या तोंडाशी जालोर, पाली, सिरोहीकडच्या माणसाचं दुकान असतं: किराणा, मिठाई, भांडी, हार्डवेअर. आपण त्यांना सरसकट ‘मारवाडी’ म्हणतो आणि गिऱ्हाइकापलीकडे चौकशी करत नाही. गल्ल्यावर मालक, माळ्यावर झोपणारी गावाकडची पोरं, गावी आईवडील आणि शेत, बायको कधी इकडे कधी तिकडे. जोधपूरहून वांद्र्याला येणाऱ्या गाडीत आणि पुण्याहून थेट सुमेरपूर-भीनमाळला जाणाऱ्या खासगी बसमध्ये सांगरीच्या पिशव्या, औषधं, लग्नपत्रिका, रोकड आणि निरोप यांची ने-आण चालते. या कुटुंबाचा पत्ता कोणता लिहायचा? शिधापत्रिकेवर एकच ओळ असते.

रायका-रेबारी लोकांचं घर तर चालतंच. पाऊस सरला, चारा आटला की मेंढ्यांचे कळप घेऊन ते हरियाणा, मध्य प्रदेशाकडे निघतात. अनेक कुटुंबांच्या अशा तांड्याला डांग म्हणतात. बायका-मुलं बरोबर, सामान उंटांवर, रोजचा मुक्काम नवा. वाटेतल्या शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. माणदेशातून कोकणात उतरणाऱ्या धनगरांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

सगळ्यांत अवघड घर मात्र सोढा राजपुतांचं. सिंधमधल्या उमरकोट-थरपारकरचे सोढे एका कुळातले, त्यामुळे आपसांत लग्न होत नाही. मुलगी द्यायची किंवा सून आणायची तर राजस्थान-कच्छकडे बघावं लागतं. फाळणीची रेघ या सोयरिकीवरूनच गेली. 1965च्या युद्धात मुनाबाव-खोखरापारचा रेल्वेमार्ग बंद पडला. 2006च्या फेब्रुवारीत थार एक्स्प्रेस सुरू झाली आणि लेकी आठवड्यातून एकदा धावणाऱ्या त्या गाडीने माहेरी जाऊ लागल्या. 2019च्या ऑगस्टमध्ये ती थांबली. मग अमृतसर-लाहोरचा प्रचंड वळसा उरला, आणि 2025च्या एप्रिलमध्ये अटारीचं नाकंही बंद झालं. नकाशावर बाडमेर आणि उमरकोट शेजारी दिसतात. लेकीला मात्र आईचा चेहरा मोबाइलवरच बघायचा.

या लांबलचक घरातलं अंतर सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. पुरुषाचं अंतर वर्षातून एक-दोनदा कापायचं आणि लांबचं. त्याला तिकीट लागतं, निरोपाला माणसं जमतात. बाईचं अंतर रोजचं आणि आखूड, डोक्यावर घडा घेऊन. तिच्यावर गाणी नाहीत असं नाही. पणिहारीची गाणी प्रसिद्धच आहेत आणि तिचं चित्र हॉटेलांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. चित्रातली बाई दमलेली मात्र कधी नसते. तिच्या रोजच्या फेऱ्यांची वर्षाची बेरीज दुकानदार नवऱ्याच्या प्रवासाशी ताडून पाहिली तर कुटुंबातला खरा प्रवासी कोण, याबद्दल वाद उरणार नाही. आपल्याकडे माण किंवा जत तालुक्यात टँकरमागे धावणाऱ्या बायकांनी ही बेरीज मनातल्या मनात केव्हाच केली असेल. दारात नळ आला की हे अंतर मिटतं. म्हणून ‘जुनी जलसंस्कृती किती सुंदर होती’ असं शहरात बसून लिहिणाऱ्यांचं मला पटत नाही. अनुपम मिश्रांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’मध्ये टाकी आणि कुंया, म्हणजे छोट्या विहिरी, यांचं शहाणपण ज्या मायेनं मांडलं, ती माया खरी होती. पण घडा उचलणारी मान दुसऱ्याची असली की कौतुक सोपं जातं.

पाणीही आता लांबून येतं. पंजाबात सतलज-बियासच्या संगमावर हरिके इथून निघणाऱ्या कालव्याचं काम 1958मध्ये सुरू झालं. तो आता इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जातो आणि त्याचा एक फाटा जोधपूरची तहान भागवतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात. त्या ‘नहरबंदी’च्या दिवसांत शहरी घरांना टाक्यांची आठवण होते. याच पाण्यासाठी बियासवर पोंगचं धरण बांधलं, तेव्हा कांगड्याच्या खोऱ्यातली हजारो कुटुंबं उठली. त्यांना भरपाईची जमीन कुठे द्यायची ठरली? राजस्थानात, कालव्याच्या लाभक्षेत्रात. डोंगरातल्या माणसांना वाळूत शेतं नेमून दिली. अनेकांना ती मिळालीच नाहीत आणि त्यांच्या तक्रारी पुढच्या पिढीकडे गेल्या.

जैसलमेरच्या किल्ल्यात पाण्याने वेगळाच घोळ घातला. आत आजही कुटुंबं राहतात. घागरीने येणारं पाणी घागरीच्या हिशेबाने खर्च होत होतं, तोवर ठीक होतं. नळ आले, घरांची हॉटेलं झाली, पाहुण्यांना शॉवर हवे झाले. ते पाणी खालच्या मातीच्या थरात मुरलं आणि बुरूज खचू लागले. वाळवंट बघायला आलेल्यांच्या अंघोळींनी किल्ल्याचा पाया ओला व्हावा, हे एखाद्या विनोदी लेखकालाही सुचलं नसतं.

इथवरचं सगळं ‘मधली जागा रिकामी’ या समजुतीपाशी येऊन अडतं, कारण ही समजूत फक्त पर्यटकांची नाही. 1974 आणि 1998च्या अणुचाचण्यांसाठी पोखरणची जागा निवडली, तिथून जवळच खेतोलाई हे नांदतं गाव आहे. आज त्याच मुलखात सौर पॅनलं पसरत आहेत. भडला इथल्या सौर उद्यानाची क्षमता 2,245 मेगावॉट आहे. वीज हवीच. प्रश्न जमिनीचा आहे. गावाने देवाच्या नावाने राखलेल्या रानाला तिकडे ओरण म्हणतात. तिथं कुऱ्हाड चालवायची नाही, गुरं चारायची. महसूल दप्तरात मात्र कित्येक ओरणांची नोंद पडीक म्हणून आहे, आणि पडीक जमीन प्रकल्पाला देणं सोपं. आपला माळढोक, म्हणजे तिकडचा गोडावण, याच रानांवर तगून आहे आणि वर ओढलेल्या वीजतारांना धडकून मरतो आहे.

2024च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांची मोजणी करून त्यांची वन म्हणून नोंद करायला सांगितलं. निसर्गप्रेमींना आनंद झाला, मलाही झाला. पण ओरणाकाठच्या गावांनी त्याआधीच, अशी नोंद होणार हे कळताच, हरकती घेतल्या होत्या. वन म्हटलं की वनखातं आलं, मग चैत्रात मेंढ्या कुठे न्यायच्या, डिंक आणि सांगरी कुणाला विचारून तोडायची, देवीच्या जत्रेला परवाना लागेल का, असे त्यांचे प्रश्न. पडीक आणि वन, एवढेच दोन रकाने दप्तरात आहेत. ‘घर’ असा तिसरा रकाना काढायचा, तर तो कोणत्या कायद्यात बसवायचा हे महसूल खात्याने आणि वनखात्याने एकत्र बसून ठरवायला हवं, आणि त्या बैठकीला मेंढ्या राखणारी बाई बोलवायला हवी.