हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास सोसायटीच्या गार्डने इंटरकॉमवर सांगितलं, "मॅडमजी, बेसमेंट में बिल्ली का बच्चा पड़ा है. हिल नहीं रहा." गाझियाबादच्या थंडीत नुकत्याच येऊन थांबलेल्या गाड्यांखाली मांजरं उबेला शिरतात, त्यामुळे असे निरोप मला दर हिवाळ्यात येतात. शाल घेऊन खाली उतरले. दोन-अडीच महिन्यांचं करडं पिल्लू होतं. गार्डने त्याच्यापुढे पाण्याची वाटी ठेवली होती. पिल्लू त्या वाटीवर मान टाकून बसलं होतं, पण पाणी पीत नव्हतं.

मांजरं पाळणाऱ्या माणसाला हे दृश्य ओळखता येतं आणि ओळखता आल्याची भीतीही वाटते. मी त्याला शालीत गुंडाळलं, रिक्षा केली आणि रात्री उघडा असणारा एक दवाखाना गाठला. कुत्र्यांच्या पार्व्होसाठी जी तपासणीची पट्टी वापरतात ती मांजरांनाही चालते. दहा मिनिटांत तिच्यावर दोन रेघा उमटल्या. पॅनल्युकोपेनिया. डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे संसर्गजन्य मांजरांसाठी वेगळी खोली नाही. सलाइन लावून देतो, पण ठेवून घेता येणार नाही. तुमच्या घरी किती आहेत?"

"पाच," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या चपलांकडे पाहिलं.

या विषाणूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा प्रश्न त्याच्या स्वभावातून उभा राहतो. कोविडच्या विषाणूला स्निग्ध आवरण होतं, साबणाने ते फुटायचं. याला ते आवरणच नाही. सॅनिटायझरला हा दाद देत नाही. फरशीच्या फटीत, चटईत, चपलेच्या तळव्यात तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही तग धरतो. एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, तेही दहा मिनिटं ओलं ठेवलं तर मरतो. मांजराच्या आतड्यावर आणि अस्थिमज्जेवर तो हल्ला करतो, पांढऱ्या पेशी कोसळतात. त्याला मारणारं औषध नाही. सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून अँटिबायोटिक, ऊब आणि वाट पाहणं, एवढंच हातात असतं. लहान पिल्लं बहुतेक वाचत नाहीत. लस झालेल्या मोठ्या मांजरांना मात्र हा आजार सहसा शिवत नाही.

माझ्या पाचांपैकी चौघांच्या लसी वेळच्या वेळी झालेल्या होत्या. त्यातला जिऱ्या तेरा वर्षांचा, मूत्रपिंडं थकलेली. पाचवी ठमी. ती आदल्याच वर्षी घरात आली होती. तिला पहिली मात्रा मिळाली आणि दुसरीची तारीख कार्डावर लिहिलेली राहिली. त्या आठवड्यात एका कादंबरीच्या अनुवादाची शेवटची मुदत होती. पुढच्या आठवड्यात नेऊ, असं म्हणता म्हणता आठ महिने गेले.

आणि माणसाला या विषाणूपासून काहीच होत नाही. मी त्या पिल्लाला छातीशी धरून रात्रभर बसले असते तरी मला साधी शिंकही आली नसती. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा नीट भीती वाटली ती याच गोष्टीची.

आपल्याकडे साथीच्या काळातल्या करुणेचं एक चित्र प्रत्येक मराठी शाळेत शिकवलं जातं. १८९७ साल, पुण्यात प्लेग. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळताच सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच वर्षी, १० जानेवारीला, मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. दोघांची कामं निराळी, पण एक गोष्ट सारखी आहे: पणाला लावलेलं शरीर त्यांचं स्वतःचं होतं.

लहानपणापासून मी दया आणि धैर्य हे शब्द त्या चित्रातूनच शिकले. आजारी पोराला उचलून पाठीवर घ्यायचं, पुढचं पुढे. पण मी ते पिल्लू पाठीवर घेऊन घरी गेले तर धोका माझ्या पाठीला नव्हताच. तो ठमीला होता, कदाचित जिऱ्याला. त्यांना मी विचारलेलं नव्हतं आणि विचारता येणारही नव्हतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात ते हेच. दान माझ्या नावावर, माल दुसऱ्याचा.

मग पिल्लाला तिथेच सोडायचं का? तर्काने पाहिलं तर उत्तर सोपं दिसतं. पाच जीव एका बाजूला, मरणपंथाला लागलेला एक दुसऱ्या बाजूला. शिवाय ते पाच माझे. पण "आधी आपले" हा युक्तिवाद मला फार ओळखीचा आहे आणि त्याचा इतिहास बरा नाही. २०२०मध्ये आमच्याच सोसायटीच्या फाटकावर घरकामाच्या बायकांना अडवलं जात होतं. पुढे आत सोडलं तेव्हाही त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट ठरली. विषाणू मात्र विमानाने आलेल्या माणसांनी आणला होता. प्लेगच्या वेळी पुण्यात सोल्जर घराघरांत शिरून माणसं छावण्यांत नेत होते, त्यालाही नाव विलगीकरणाचंच होतं. त्यातून किती राग साचला होता ते २२ जून १८९७च्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबाराने दाखवलं. रोगाची भीती खरी असते. पण त्या भीतीची किंमत कोणी मोजायची हे ठरवताना आपण नेहमी आपल्याहून दुबळ्याकडे बोट दाखवतो. बेसमेंटमधल्या पिल्लाहून दुबळं कोण?

तेव्हा दोन्ही बाजूंनी तोच दोष होता. घरी नेलं तर किंमत ठमीने मोजायची, सोडून दिलं तर पिल्लाने. दोन्ही वेळा मी मोकळी.

डॉक्टरांनी माझ्या चपलांकडे का पाहिलं ते मला तेव्हा कळलं. रोगाचं वाहन मी होते. पिल्लू स्वतःच्या पायांनी माझ्या घरात शिरणार नव्हतं. माझी शाल, माझे हात, माझे तळवे त्या विषाणूला आत नेणार होते. विलगीकरण करायचंच असेल तर ते माझं करायला हवं होतं.

माझ्या एका मैत्रिणीचं मयूर विहारमधलं घर तेव्हा रिकामं होतं, ती बदलीवर पुण्याला गेली होती. मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं: आजार कोणता, तो घरात किती दिवस राहू शकतो, आणि पुढचं वर्षभर त्या घरात लस न झालेलं मांजर आणता येणार नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. तिला परत आल्यावर मांजर पाळायचं होतं. मग म्हणाली, "जा तू. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. मी मोठं मांजर आणेन, लस झालेलं." ठमी आणि माझ्या या मैत्रिणीत फरक एवढाच होता की मैत्रिणीला नाही म्हणता आलं असतं.

नवऱ्याला म्हटलं, कपड्यांची बॅग गेटवर ठेव आणि उद्या सकाळी ठमीला दुसऱ्या दवाखान्यात नेऊन लस टोचून आण. तो म्हणाला, "मांजरासाठी घर सोडतेयस?" मी म्हटलं, "मांजरांसाठी."

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या दीदींनाही फोन केला. त्या मूळच्या मालद्याच्या. त्यांच्या वस्तीत मांजरं आहेत, आणि त्या रोज त्याच बेसमेंटमधून जातात. चपला ब्लीचच्या पाण्याने धुवा, असं सांगितलं. त्या हसल्या. "तब हम लोगों को आपके घर से बचाना था, दीदी, अब आपके घर को हमसे?" मी म्हटलं, तसं नाही, आता तुमच्या मांजरांना आमच्या बेसमेंटपासून वाचवायचंय. त्या म्हणाल्या, "अच्छा. ये पहली बार हुआ."

आईचा साताऱ्याहून फोन आला. तिच्या आजीने तिला सांगितलेल्या प्लेगच्या गोष्टी तिला अजून आठवतात: उंदीर पडायला लागले की गाव उठायचा, माणसं माळावर झोपड्या घालून राहायची. "अगं, पण तेव्हा सगळा गाव एकत्र बाहेर पडायचा," ती म्हणाली. "तू एकटीच माळावर गेलीस."

एकटीच होते असं नाही. पिल्लू होतं. दर दोन तासांनी त्याच्या कातडीखाली सलाइन, गरम पाण्याची बाटली बदलणं, उलट्या पुसणं, फरशीवर ब्लीच. हात फुटले. अनुवादाची बारा पानं राहिली. चौथ्या पहाटे ते गेलं. त्याला मी नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की लळा लागतो, असं स्वतःला बजावलं होतं. आपल्या भाषेत लळाही लागतो आणि रोगही लागतो, क्रियापद एकच. दोन्ही जवळ गेल्याने होतं. नाव न ठेवून मी काही वाचले नाही.

मी मग फरशी, भांडी, दारांच्या कड्या पुन्हा पुन्हा धुतल्या. शाल, चादरी, चपला टाकून दिल्या. ठमीच्या लशीचा परिणाम व्हायला काही दिवस जायला हवे होते, म्हणून धरून दोन आठवडे तिथेच राहिले. रोज रात्री नवरा पाचही वाट्यांचे फोटो पाठवायचा. वाटी रिकामी असली की झोप यायची. पाचही जण सुखरूप राहिले.

या सगळ्यातून मी फार शहाणी झाले असं म्हणणार नाही. रिकामं घर देणारी मैत्रीण होती, घरी बसून करण्याचं काम होतं, पाचांचं करणारा नवरा होता. यातलं एक जरी नसतं तरी मी काय केलं असतं, याचं प्रामाणिक उत्तर मला माहीत आहे: पिल्लाला गार्डच्या केबिनमध्ये खोक्यात ठेवलं असतं आणि सकाळी चौकशी केली असती. ज्याला तेवढंच जमतं त्याला मी दोष देणार नाही. फक्त त्याला दया म्हणणार नाही, आणि पाचांच्या जिवावर सहाव्याला घरात आणण्यालाही म्हणणार नाही.

पण खरा निर्णय त्या रात्री झालाच नव्हता, ही गोष्ट अजून टोचते. तो आठ महिन्यांपूर्वीच्या एका निवांत दुपारी झाला होता, जेव्हा कार्डावरची तारीख पाहून मी ते परत खणात ठेवलं. त्या दिवशी ठमीला लस दिली असती तर जानेवारीत आमच्या घरात आणखी एकासाठी बरीच जास्त जागा असती. पाहुण्याला आत घेण्याची तयारी फाटकाशी उभं राहून करता येत नाही, ती आधीच करून ठेवावी लागते.

फेब्रुवारीत बेसमेंटमधल्या चार मांजरांना पकडून लसी दिल्या. टोपलीचं दार गार्डने धरलं होतं. तारखा मी कार्डांवर लिहिल्या आणि या वेळी कार्डं खणात न ठेवता फ्रिजवर लावली.