तोतयाचं बळ

रत्नागिरीच्या किल्ल्यात पेशवाईच्या काळात एक तोतया कैदेत होता. सुखनिधान त्याचं नाव. पानिपतावर पडलेले मराठा सेनापती सदाशिवरावभाऊ ते आपणच, असं तो सांगत असे. पेशव्यांनी चौकशी करून त्याचं सोंग उघडं पाडलं होतं. तरीही १७७६ साली रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानं त्याला मोकळं केलं आणि त्याची बाजू घेतली. बघता बघता हजारोंची फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले. बंड मोडायला महादजी शिंद्यांना यावं लागलं. रघूजी आंग्र्यांनी तोतयाला पकडलं आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला.

एका उघड्या पडलेल्या खोट्यामागे एवढी माणसं का गेली? १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईनंतर महाराष्ट्रात घरोघरी कुणीतरी परतायचं राहिलं होतं. भाऊ परतले, तर आपलाही माणूस परतेल, ही आस पंधरा वर्षं जिवंत होती. तोतयाचं खरं बळ त्या आशेत होतं. ठकसेन बुद्धीला फसवायच्या आधी दुःखाला हाक मारतो, म्हणून शहाणी माणसंही त्याच्यामागे जातात. त्यात एका अधिकाऱ्यानं मान डोलावली की उरलासुरला संशयही गळून पडतो.

तोतयाला शिक्षा झाली. पण त्याच्या शब्दावर लढायला निघालेल्यांचं काय? भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पती जिवंत आहेत या विश्वासानं सौभाग्यलेणं लेऊन राहिल्या होत्या. त्यांच्या मनावर काय ओढवलं असेल? फसवणाऱ्याच्या शिक्षेनं फसलेल्याची जखम भरत नाही. उलट फसलेल्यालाच लोक वेडा ठरवतात, आणि तो लाजेनं गप्प बसतो. ही दुसरी जखम मात्र आपण करतो.

आज सोंग फोनवरून येतं. पोलिसाचा दरारा, नोकरीचं आमिष, लेकराचा हुबेहूब आवाज. जी बातमी आपल्याला सर्वांत जास्त खरी व्हायला हवी असते, तीच सर्वांत आधी पारखून घ्यावी. खात्री नसलेलं पुढे पाठवू नये. आणि शेजारी कुणी फसला असेल, तर त्याला हसू नका. त्याच्यासोबत पोलीस ठाण्यापर्यंत चला.