घोडा, पेडल आणि न विचारलेला प्रश्न

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या १७व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय आणि समजावायला उदाहरण घेतलंय घोड्याचं. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पण 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य. आणि 'ब' जर म्हणाला, "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरतो", तर गप्प बसणं हेही बोलणंच.

आम्हा खानदेशातल्या माणसांना हा घोडा लगेच ओळखता येतो. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. तिथे घेणारा घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, त्याला चालवतो, पळवतो. बघणं त्याचं काम.

माझ्याकडे विकायला घोडा नव्हता, गिटारचं डिले पेडल होतं. पायाने दाबायची लोखंडी डबी; आवाज घेते आणि थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा परत देते. त्याची खोट अशी की ॲडॅप्टरची पिन जराशी हलली की लाइट जायची. पिन एका विशिष्ट बाजूला वळवून वायरचा एक वेढा डबीभोवती दिला, तर मात्र तासन्‌तास चालायचं. पिंपळनेरमधल्याच, लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवणाऱ्या एका पोराला ते हवं होतं. त्याचा प्रश्न एकच: "चालस ना, भाऊ?"

अधूनमधून होणाऱ्या बिघाडाची हीच गंमत आहे. 'चालतं का' या प्रश्नाला 'चालतं' हे खरं उत्तर असतं. त्या क्षणी चालतच असतं. पण तो पोरगा त्या क्षणाबद्दल विचारत नव्हता. त्याला विचारायचं होतं, दहिवेलच्या वरातीत, गाडी खड्ड्यातून जाताना चालेल का. व्याकरण वर्तमानकाळाचं, काळजी भविष्याची. आणि वायरचा तो वेढा? त्याच १७व्या कलमात, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं हे थेट फसवणुकीत मोडतं. वेढा देऊन दाखवणं म्हणजे झाकणंच. तेव्हा आधी दुरुस्ती. इथपर्यंत प्रश्न सोपा.

दुरुस्ती म्हटलं तर किरकोळ. नऊ व्होल्टची बॅटरी लावून पाहिली, कितीही हलवलं तरी बंद पडेना. म्हणजे आतलं सर्किट ठीक, दोष वीज आत येते त्या जॅकमध्ये. खालचे स्क्रू काढले, मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिलं. जॅकच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर होती. टीव्ही दुरुस्त करणारे याला ड्राय सोल्डर म्हणतात. पेस्ट लावून गरम केलं की चीर बुजते, दहा मिनिटांचं काम. पण ती पडली का? कारण तो जॅक डबीला कुठेच घट्ट बसवलेला नव्हता, नुसता सोल्डरवर उभा होता. पिन घालताना-काढताना बसणारा प्रत्येक झटका त्या कथलाच्या ठिपक्यावर. चीर बुजवली तरी झटके तेच राहणार.

दुसरा उपाय म्हणजे डबीलाच नटाने आवळायचा जॅक लावायचा आणि तिथून दोन वायरी बोर्डापर्यंत न्यायच्या. मग झटका डबी सोसते, सोल्डर नाही. इथे एक मेख आहे. गिटारच्या बहुतेक पेडलना मधला बिंदू ऋण आणि बाहेरचं कडं धन लागतं. धातूचा जॅक लावला, तर ते धन कडं थेट लोखंडी डबीला, म्हणजे ग्राउंडला टेकतं आणि शॉर्ट होतं. म्हणून प्लास्टिकचाच. तो लावला. पेडल उलटंपालटं केलं, पिन हलवली, वायर ओढली. लाइट जाईना.

खरा प्रश्न आता सुरू होतो. जे मोडलेलंच नाही, ते मोडलं होतं हे सांगायचं का?

नुसती चीर बुजवली असती तर उत्तर सरळ होतं: कारण शिल्लक आहे, म्हणून सांगायला हवं. पण आता कारणही गेलं. पेडल आधीपेक्षा दणकट झालंय, आणि तरी 'उघडलेलं आहे' म्हटलं की भाव पडतो. एक मित्र म्हणाला, "बऱ्या झालेल्या माणसाचा जुना आजार स्थळ आल्यावर कोण सांगतं?" युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण एके ठिकाणी गळतो. माणसाचा आजार त्याचा स्वतःचा असतो. तो सांगायचा की नाही, हा त्याचा हक्क. पेडलचा इतिहास माझा नाही. पेडल विकलं की तो त्याच्याबरोबरच जातो.

रोमन लेखक सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन दुष्काळी ऱ्होड्‌स बेटावर पोचतो. मागून आणखी जहाजं येतायत हे त्याला माहीत आहे. सांगितलं तर भाव कोसळेल. डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांग. सिसेरो शिष्याच्या बाजूने जातो. त्याची कसोटी अशी, की ज्याला कळणं हिताचं आहे त्याला, आपल्या फायद्यासाठी, कळू न देणं म्हणजे लपवणं.

ही कसोटी मला झोंबते, कारण ती पेडलकडे बघतच नाही, माझ्याकडे बघते. मधला बिंदू ऋण आहे, दुसरा ॲडॅप्टर लावू नकोस, हे मी त्या पोराला न विचारता, पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. त्याने भाव एक रुपयाही उतरत नव्हता. जॅकबद्दल बोलायला मात्र मला सिसेरोपर्यंत जावं लागलं.

तो आला तेव्हा खालचं झाकण काढून दाखवलं. चीर कुठे होती, वायरी कुठून नेल्या, सगळं. त्याने फोटो काढला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मंग दोनशे कमी करा." शंभरावर तुटलं. पैसे मोजून झाल्यावर त्याने झाकण पुन्हा माझ्या हातातून घेतलं, जॅककडे बोट दाखवलं.

"मना कीबोर्डले बी असंच व्हस. वरातमा बंद पडस."

"बॅटरीवर चालतो का?"

"ते नही देखं," तो म्हणाला.